यीस्टची बादली

बियर मी पीत नाही, चाखते. हा फरक शिकागोजवळच्या नेपरव्हिलमधल्या मराठी मंडळींना समजावून सांगायचा नाद मी लवकरच सोडला. अकरा वर्षं मी सांगलीकडच्या एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत मायक्रोबायॉलॉजिस्ट होते. मळीत यीस्ट सोडायचं, ते जगतंय की मरतंय हे रोज मायक्रोस्कोपखाली बघायचं, आणि कुठल्या टाकीत नको ते जंतू शिरलेत हे वासावरून ओळखायचं, हे माझं काम होतं. सासूबाई लोकांना सांगताना ‘सून कारखान्यात लॅबमध्ये आहे’ एवढंच सांगायच्या. कारखान्याच्या कुठल्या भागात, ते सांगायच्या नाहीत.

२००२ साली नवऱ्याबरोबर अमेरिकेत आले, ती डिपेंडंट व्हिसावर. म्हणजे राहायची परवानगी, नोकरीची नाही. नवरा जुन्या मेनफ्रेम सिस्टिम्सवर काम करणारा. त्याची ग्रीन कार्डची फाइल कुठल्या तरी टेबलावर पडून होती आणि ती हलेपर्यंत मला घरी बसायचं होतं. मी बसले. पडदे शिवले, गाडी शिकले, लायब्ररीतली चांगली पुस्तकं संपवली. चार वर्षांत माझ्यासारख्या बाईला जे जे करता येतं ते सगळं करून झालं.

आमच्याच कॉम्प्लेक्समध्ये समोरच्या बिल्डिंगमध्ये माझी एक मैत्रीण राहायची. माझ्याहून बारा वर्षांनी लहान, नागपूरची, बी.कॉम. झालेली, बोलकी. मला ताई म्हणायची. तिच्या नवऱ्याची कंपनी मोठी होती, वकील चांगला होता, त्यामुळे आमच्यानंतर दोन वर्षांनी येऊनही तिच्या हातात काम करायचं कार्ड आमच्याआधी आलं. पेढे द्यायला आली तेव्हा मी तोंड भरून अभिनंदन केलं. ती गेल्यावर माझी मुलगी म्हणाली, “आई, यू आर जेलस. इट्स ओके.” मी तिला भांडी लावायला सांगितली.

ती एखाद्या ऑफिसात चिकटली असती तर मला काही वाटलं नसतं. पण तिला नोकरी मिळाली फॉक्स नदीच्या काठावरच्या एका गावात, स्वतःची बियर स्वतः बनवणाऱ्या एका जुन्या धर्तीच्या पबमध्ये. आधी बिलं-पावत्या सांभाळायला. मग मालकाचा मदतनीस सोडून गेला आणि हिने नळ्या धुवायला सुरुवात केली. दोन महिन्यांत ती यीस्ट हाताळायला लागली.

यीस्ट म्हणजे काय, हे तिला माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर कळलं. तीन दुपारी मी कागदावर आकृत्या काढून शिकवलं होतं. पेशी कशी फुटते, तापमान चढलं तर काय होतं, स्वच्छता म्हणजे नेमकं काय. ती वहीत लिहून घ्यायची आणि म्हणायची, “ताई, तुम्ही किती सोपं करून सांगता नं.” माझा विषय, माझी अकरा वर्षं, आणि पांढरा एप्रन घालून कामावर जाणार ती. एप्रनवर तिचं नाव शिवलेलं होतं. तिने धुऊन गॅलरीत वाळत टाकला की माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून वाचता यायचं.

ती मला सारखी बोलवायची. “एकदा येऊन तर बघा, तुम्हाला लई आवडेल.” मी काही ना काही कारण काढायचे. २००६ च्या फेब्रुवारीत मात्र ती काळजीत दिसली. बियर आंबट होतेय म्हणाली. मालक वैतागलाय. “तुम्ही एकदा चाखून बघा नं ताई. तुम्हाला कळेल.” काळजीतली ती मला जास्त आवडली, हे खरं सांगते. शनिवारी सकाळी तिच्याच गाडीतून गेले.

इमारत विटांची होती, कधीकाळी तिथे लोणी बनवत. पुढे बुटक्या छताचा पब, मागे काचेपलीकडे ब्रुअरी. मालक साठीचा, उंच, हाताला भाजल्याच्या जुन्या खुणा असलेला. तरुणपणी इंग्लंडमध्ये राहून त्याने हे काम शिकून घेतलं होतं. तिथल्या पद्धतीप्रमाणे त्याची बियर पिंपातच शेवटचं आंबायची, बाहेरून गॅस भरायचा नाही, फार गार करायची नाही. काउंटरवर पिंपांना जोडलेले हातपंप होते, पितळी मुठींचे. आमच्याकडच्या हापशासारखेच, फक्त दांडा उभा. दोन-तीनदा खेचलं की ग्लास भरायचा. दुपारी जेवायला येणारे म्हातारे गिऱ्हाईक त्या हापशांसमोर ठरलेल्या जागी बसत, आणि मी आत गेले तेव्हा त्यांच्यातल्या एकाने ग्लास न बोलता परत सरकवलेला मी पाहिला.

मालकाने मला सगळं फिरून दाखवलं. आंबवायच्या टाक्या वरून उघड्या होत्या. त्यात बियरवर जाड पिवळसर फेस चढला होता, पुरणपोळीच्या कणकेएवढा मऊ दिसणारा. तो फेस म्हणजेच यीस्ट. एका खेपेचं यीस्ट वरून झाऱ्याने काढून झाकणाच्या बादलीत ठेवायचं आणि पुढच्या खेपेला तेच घालायचं. आठ वर्षं तो तेच यीस्ट चालवत होता. त्याच्या बियरची चव म्हणजे ते यीस्ट. विकत मिळणारं दुसरं घातलं तर पब तोच राहील, बियर ती राहणार नाही.

“पिंपात नितळ दिसावी म्हणून माशाच्या पोटातल्या पिशवीची पेस्ट घालतात,” माझी मैत्रीण मराठीत म्हणाली. “सासूबाईंना सांगितलं नाही मी. त्या समजतात मी ज्यूसच्या फॅक्टरीत आहे.”

तिला तिथे वावरताना बघणं मला जड गेलं. कुठला व्हॉल्व्ह आधी उघडायचा हे तिच्या हाताला माहीत होतं. टाकीला पाठ लावून ती उभी राहायची. कोपऱ्यात एक उंच स्टूल, समोर मायक्रोस्कोप, बाजूला निळ्या डायची बाटली आणि तिची वही. माझ्या स्वयंपाकघरात सुरू झालेली तीच वही. मी स्टूलकडे एवढं बघत होते की मालकाने विचारलं, बसायचंय का. मी नको म्हटलं.

मग त्याने पिंपातली थोडी बियर ग्लासात आणली. “गेल्या दोन आठवड्यांतलं हे तिसरं पिंप,” तो म्हणाला. “नळ्या बदलल्या. सगळं उकळलं. आता एकच उरलंय, यीस्ट फेकून द्यायचं. सोमवारी फेकणार.”

मी वास घेतला, घोटभर तोंडात फिरवली आणि मोरीत थुंकली. व्हिनेगरचा आंबटपणा नव्हता. हवा लागून बिघडली असती तर तो आला असता. हा दह्याच्या अंगाचा, गोलसर आंबटपणा होता. ही चव मी अकरा वर्षं मळीच्या टाक्यांतून हाकलत होते, आणि ही चव मी रोज सकाळी नाश्त्याला खातही होते.

माझी नजर भिंतीकडच्या फळीवर गेली. तिथे झाकणाच्या पांढऱ्या बादल्या ओळीने उलट्या ठेवल्या होत्या.

जानेवारीत संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिने शंभर माणसांच्या इडल्या केल्या होत्या. शिकागोच्या त्या थंडीत इडलीचं पीठ फुगत नाही. आम्ही सगळ्या बायका ओव्हनचा दिवा लावून पातेली आत कोंबतो आणि देवाचं नाव घेतो. माझ्या इडल्या त्या दिवशी नाण्यासारख्या बसल्या होत्या. तिच्या कापसासारख्या झाल्या. सगळ्या जणी तिला घेरून विचारत होत्या, ती हसून टाळत होती. नंतर मला एकटीला बाजूला घेऊन म्हणाली, “कामावर नेलं होतं पीठ. बॉयलरशेजारी ठेवून दिलं. सकाळी बघते तर झाकण उचललेलं. कुणाला सांगू नका हं ताई.” तेव्हा मी हसले होते. कशात नेलं, हे विचारायचं सुचलं नव्हतं.

आता विचारलं. मराठीत.

“ते इडलीचं पीठ कशात नेलं होतंस गं?”

“इथल्याच एका बादलीत,” ती म्हणाली. “घरी एवढं मोठं पातेलं कुठे आहे? तांदूळ-डाळ घरी वाटून आणली, बादलीत ओतली. पण धुतली नं मी ती. गरम पाण्याने, साबण लावून, दोनदा. स्कॉचब्राइटने घासली.”

“आणि पुन्हा फळीवर ठेवलीस.”

“मग? धुतलेलीच तर…” ती बोलता बोलता थांबली. तिसऱ्या दुपारी मी तिला शिकवलं होतं की प्लास्टिक घासलं की त्यावर ओरखडे पडतात आणि ओरखड्यात जंतू बसतात, साबणाने निघत नाहीत. आमच्या घरात घासून लख्ख केलेलं भांडं म्हणजे स्वच्छ भांडं. तिच्या आईने शिकवलं, माझ्याही आईने तेच शिकवलं. त्या बादलीत नंतर यीस्ट काढलं गेलं, आणि ते यीस्ट पुढच्या प्रत्येक खेपेत.

मालक आमच्याकडे आळीपाळीने बघत होता. “काय म्हणाली ती?” त्याने मला विचारलं.

माझी मैत्रीण हळू आवाजात म्हणाली, “ताई, मी सांगते त्याला. मागाहून सांगते. आज नको.”

त्याला मराठी येत नव्हतं. मी काहीही सांगू शकत होते. ‘बादल्या सगळ्या बदला, यीस्ट धुऊन घ्या’ एवढं म्हटलं असतं तरी काम भागलं असतं. यीस्ट वाचलं असतं, तिची नोकरी शंभर टक्के सुरक्षित राहिली असती, आणि तिने सोमवारी आपल्या तोंडाने सांगितलं असतं किंवा नसतं. विचार करायला मला वेळ मिळाला नाही असं मी म्हणणार नाही. मिळाला. मायक्रोस्कोपकडे जाण्याएवढा वेळ मी मुद्दाम काढला.

“यीस्टचा थेंब देता का?” मी म्हटलं आणि स्टूलवर बसले.

काचपट्टीवर थेंब, मेलेल्या पेशी निळ्या दिसाव्यात म्हणून निळ्या डायचा थेंब, वर झाकणी. हात विसरले नव्हते. यीस्टच्या गोल पेशी, काही फुटत असलेल्या, आणि मधूनमधून बारीक दाण्यांच्या माळा आणि काड्या. मी सरकून मालकाला जागा दिली. त्याने डोळा लावला.

“ते बारीक आहेत ते काय?”

“दह्यात आणि आंबवलेल्या पिठात असतात ते,” मी इंग्रजीत सांगितलं. “हिने तुमच्या एका यीस्टच्या बादलीत तांदळाचं पीठ आंबवलं होतं. जानेवारीत. बॉयलरशेजारी.”

तो मैत्रिणीकडे वळला. “खरंय?”

“हो,” ती म्हणाली. “मी धुतली होती.” मग माझ्याकडे न बघता एप्रनच्या खिशात हात घालून उभी राहिली.

त्याने पुन्हा एकदा मायक्रोस्कोपला डोळा लावला. मग म्हणाला, “मला वाटलं होतं वरचं छप्पर गळतंय आणि घाण पाणी टाक्यांत पडतंय. छप्परवाल्याला बोलावलं होतं मी.” एक बादली उचलून त्याने उजेडात आतून बघितली आणि खाली ठेवली. तिच्यावर ओरडला नाही. मला विचारलं, “यीस्ट फेकायचंच ना?”

“फेकू नका. धुता येतं.”

आमच्या डिस्टिलरीत आम्ही तेच करत असू. यीस्ट गार ठेवायचं, त्यात आम्ल थेंब थेंब टाकत ढवळायचं, आणि ठरावीक आंबटपणापर्यंत नेऊन थांबायचं. यीस्ट तग धरतं, जंतू मरतात. ठरल्यापेक्षा जास्त आम्ल पडलं किंवा जास्त वेळ ठेवलं तर यीस्टही जातं. त्याच्याकडे फॉस्फोरिक आम्ल होतं. आम्ही नवी स्टीलची बादली बर्फात बसवली. मी थेंब टाकत होते, मालक ढवळत होता, आणि मैत्रीण दर थोड्या वेळाने कागदाची पट्टी बुडवून रंग वाचत होती. तिने एकदाही चुकीचं वाचलं नाही. दोन तासांनी काचपट्टीवर पुन्हा पाहिलं, तेव्हा माळा तुटलेल्या होत्या आणि यीस्टच्या बहुतेक पेशी जिवंत होत्या. दोन तासांत माझी कंबर दुखली नाही, तहान लागली नाही, घड्याळाकडे बघावंसं वाटलं नाही. चार वर्षांत असं झालं नव्हतं.

मालकाने हात पुसले. “सोमवारपासून येता का?” त्याने मला विचारलं. तिच्यासमोर.

“येता येणार नाही. मला कामाची परवानगी नाही.”

“पण तुम्ही तर कायदेशीर आहात.”

“आहे. नवऱ्याच्या व्हिसावर.”

“म्हणजे त्याला नोकरी आहे म्हणून तुम्हाला नाही?”

“तसंच.”

“पगार न घेता?”

“तेही चालत नाही,” मी म्हटलं. हे मी आधीच वकिलाला विचारून ठेवलं होतं. ज्या कामाचा दुसऱ्या कुणाला पगार मिळतो ते फुकटही करायचं नाही. कधी विचारलं होतं, हे नवऱ्यालाही माहीत नव्हतं. ही नोकरी हिला लागली, त्याच आठवड्यात.

मालकाने खांदे उडवले आणि मैत्रिणीला म्हणाला, “मग तू हिच्याकडून शिक. हे सगळं लिहून काढ. आणि या सगळ्या बादल्या बाहेर कचऱ्यात.” तिची नोकरी राहिली. तिच्या कामात एक काम वाढलं, ते माझं.

परतताना गाडीत तिने रेडिओ लावला नाही. हायवेला लागल्यावर म्हणाली, “मला बाजूला घेऊन सांगता आलं असतं तुम्हाला. मी काहून नाही म्हटलं असतं? मी स्वतः सांगणार होती त्याला.”

“आलं असतं,” मी म्हटलं.

“तुम्हाला एकटीलाच सांगितलं होतं मी ते इडलीचं.”

“हो.”

“मग?”

मला उत्तर माहीत होतं. तिलाही असावं. “त्या स्टूलवर बसायचं होतं मला,” मी म्हटलं.

तिने लेन बदलली. आमच्या कॉम्प्लेक्समध्ये शिरताना सवयीने मला माझ्या दारापर्यंत सोडलं, आणि मी उतरल्यावर म्हणाली, “यीस्ट वाचलं, थँक्यू.” ते टोमणा म्हणून नव्हतं. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं.

महिनाभर तिचा फोन नाही. गॅलरीत एप्रन दिसायचा. मी पडदा बदलला. जाड घेतला. मंडळाच्या गुढीपाडव्याला आम्ही दोघी वेगवेगळ्या टेबलांवर बसलो. मग एक दिवस तिने फोन करून कामाचाच प्रश्न विचारला: यीस्ट दुसऱ्यांदा धुवायचं असेल तर मध्ये किती खेपा जाऊ द्यायच्या. मी सांगितलं. पुढे दर आठ-पंधरा दिवसांनी एक फोन यायला लागला. प्रश्न, उत्तर, ‘ठीक आहे ताई’. इकडचं तिकडचं काही नाही. मी दिलेलं उत्तर दुसऱ्या दिवशी तिथे तिच्या तोंडून जाणार, हे मला माहीत होतं. तरी मी शिकवताना काही हातचं राखलं नाही. एकदा राखायचा प्रयत्न केला, पण अर्धं सांगितलेलं मलाच सहन होईना. तासाभराने मीच फोन करून उरलेलं सांगितलं.

पुढच्या वर्षी तिच्या नवऱ्याला सिएटलला नोकरी मिळाली. सांगायला आली, तेव्हा तिच्या हातात ती वही होती. माझ्या आकृत्यांपासून ते अगदी कालपर्यंतच्या नोंदी, तिच्या नीटनेटक्या बी.कॉम. अक्षरात, तारखेसकट. इडलीच्या पानावर तिने ‘चूक माझी’ असं लिहून खाली रेघ मारली होती.

“ही तुम्ही ठेवा,” ती म्हणाली. “मी मालकाला तुमचा नंबर दिलाय. म्हटलं, माझ्यापेक्षा चांगली बाई आहे, पेपर आले की लगेच घे.”

मला तिचा हेवा वाटायचा तो कार्डाचा, एप्रनचा, कामाचा. त्या क्षणी वाटला तो वेगळा होता. मी तिच्या जागी असते तर माझा नंबर दिला नसता. हे मला इतकं स्पष्ट कळलं की मी वही घेतली, चहा टाकला आणि सामान कसं पाठवणार, ट्रक की कंटेनर, ही चौकशी करत बसले.

मालकाचा फोन आला. “पेपर आले?”

“नाही.”

“किती लागतील अजून?”

“कुणालाच सांगता येत नाही.”

“मला थांबता येणार नाही,” तो म्हणाला. त्याचं बरोबर होतं. त्याने विस्कॉन्सिनमधून नुकतीच कॉलेजातून बाहेर पडलेली एक मुलगी घेतली. मी तिला कधी पाहिली नाही. एकदा तिचा फोन आला, मालकाने नंबर दिला म्हणून. तिने यीस्ट धुण्याबद्दल दोन प्रश्न विचारले. दोन्ही चांगले होते, बरोबर त्याच जागी बोट ठेवणारे, जिथे मी नवीन असताना चुकले होते. मी व्यवस्थित उत्तरं दिली. ‘अजून काही लागलं तर कर फोन,’ असंही म्हटलं, आणि पुढचे काही आठवडे फोन वाजला की आधी नंबर बघायचे. तिचा पुन्हा आला नाही. तिला गरज पडली नसावी.